महाडचा ठराव आणि माणचा कॅप्चा



हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा ज्या गावाच्या शिवारात उभा आहे त्या गावाचे नाव माण. तालुका मुळशी, जिल्हा पुणे. शिवाजीनगरला जाणारी 23 स्थानकांची मेट्रो याच गावातून निघते. गावात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत आणि त्या खोल्यांत बांधकामावरचे मजूर, हाऊसकीपिंगवाल्या बाया, सिक्युरिटी गार्ड राहतात. त्यातले पुष्कळ जण मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेले, आपल्याच वस्त्यांतून उठून आलेले. अशाच एका खोलीत आमच्या ओळखीचा एक तरुण राहतो. बी.ए. झालेला, जन्मापासून दृष्टिहीन, आणि मोबाइल वापरण्यात माझ्यापेक्षा दुप्पट तरबेज. फोनमधला आवाज तो इतक्या वेगाने लावतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही.

त्याला एका दाखल्यासाठी सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा होता. चाळीस मिनिटे लागली, पण नाव, पत्ता, आधार क्रमांक, सगळे त्याने स्वतः भरले. शेवटी आला कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरे असलेले चित्र, ते पाहून तीच अक्षरे खाली टाइप करा. फोनने त्याला एवढेच सांगितले: "इमेज". ऐकण्याची सोय नव्हती. शेजारची खोली बंद होती. तेवढ्यात मुदत संपली आणि भरलेला अर्ज पुसला गेला. दुसऱ्या दिवशी तो केंद्रावर गेला तर तिथे उत्तर मिळाले, "कोणाला तरी सोबत घेऊन यायचे ना."

हे वाक्य नीट ऐका. हक्क तुझा आहे, पण तो बजावायला दुसऱ्या कोणाचे तरी डोळे घेऊन ये. आपल्या आजा-पणज्यांना विहिरीवर हेच सांगितले जात होते. पाणी मिळेल, पण ओंजळीत वरून कोणीतरी ओतेल तेव्हा. म्हणून या विषयाकडे मी इतिहासातून येतो आहे. दया, सेवा, "बिचारा" या रस्त्याने आलो तर आपण चुकीच्या घरी पोहोचू.

महाडची कथा आपण दरवर्षी 20 मार्चला सांगतो, पण तिचा पहिला अर्धा भाग घाईत सांगतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. पुढच्याच महिन्यात सरकारने त्याच्या अंमलबजावणीचे आदेश काढले. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर पाहिले तर 1924 साली प्रश्न सुटला होता. तळे खुले होते. फक्त आपल्यापैकी कोणी त्यातले पाणी पिऊ शकत नव्हते, इतकेच.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले ते या फरकावर बोट ठेवायला. नवा कायदा त्यांनी मागितला नव्हता. असलेल्या ठरावाचे पाणी किती आहे ते त्यांनी मोजले. पाणी प्यायल्यावर काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे: मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी तळे खासगी आहे असा दावा लावून मनाई हुकूम मिळवला. तो खटला मुंबई उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 ला आपल्या बाजूने संपला. बोले ठरावापासून मोजले तर जवळपास 14 वर्षे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच महाडमध्ये 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली. ती का जाळली हे सांगताना आपण शूद्र आणि स्त्रिया एवढ्यावर थांबतो. मनुस्मृतीचा नववा अध्याय उघडून पाहा. वारसाहक्काच्या प्रकरणात 201 वा श्लोक आहे. जन्मांध, बहिरा, वेडा, मूढ, मुका, इंद्रियहीन यांना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा नाही असे तो सांगतो. पुढच्या श्लोकात त्यांना अन्नवस्त्र द्यावे असे म्हटले आहे. हिस्सा नाही, पण भाकरी देऊ. आजच्या दिव्यांग-कल्याणाच्या बहुतेक भाषणांचा सारांश यापेक्षा फारसा वेगळा निघत नाही. अकराव्या अध्यायात याचे कारणही दिले आहे: आंधळे, बहिरे, मुके, विकृत देहाचे लोक पूर्वकर्माच्या उरलेल्या पापामुळे तसे जन्मतात. अस्पृश्याला ज्या तर्काने अस्पृश्य ठरवले तोच हा तर्क. जन्माचा दोष तुझा, मागच्या जन्माचा हिशेब तुझा, आमच्याकडे तक्रार नको.

या श्लोकाला नुसते धर्मग्रंथातले जुनाट वाक्य समजू नका. इंग्रजांच्या न्यायालयांत हिंदू कायदा म्हणून हा नियम प्रत्यक्ष चालत होता आणि जन्मांध मुलाचा हिस्सा नाकारला जात होता. 1928 साली, म्हणजे मनुस्मृती जाळल्यानंतर पुढच्याच वर्षी, केंद्रीय विधिमंडळाने हिंदू वारसाहक्क (अपात्रता निवारण) कायदा केला आणि बहुतेक अपात्रता काढून टाकल्या. जन्मापासून वेडे किंवा मतिमंद असलेल्यांना मात्र वगळलेलेच ठेवले. 1928 चा कायदा महाडमुळे झाला असा माझा दावा नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण ज्या ग्रंथाला आपण आग लावली त्याची झळ कोणाकोणाला बसत होती हे आपण पूर्ण मोजलेले नाही, एवढे मात्र नक्की. कोणताही रोग, व्यंग किंवा विकृती यामुळे वारसाहक्क जाणार नाही असे स्वच्छ कलम यायला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला, कलम 28. तो कायदा म्हणजे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाचाच एक तुकडा. त्या बिलाची वाताहत झाली म्हणून त्यांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले हे आपण सांगतो. त्या वारशात आंधळ्या-बहिऱ्यांचाही वाटा होता हे सांगत नाही.

आता एक अवघड गोष्ट. संविधानाच्या कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. ते येते कलम 41 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत: बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या स्थितीत राज्याने आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे साहाय्य करावे. यासाठी न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. आपल्यातल्या काही मित्रांना असे काही कबूल करणे म्हणजे बाबासाहेबांना कमीपणा आणणे वाटते. मला तसे वाटत नाही. 1949 च्या जगात कुठल्याच मोठ्या संविधानात अपंगत्व भेदभावाच्या यादीत बसलेले नव्हते. बाबासाहेबांनी संविधान दुरुस्त करण्याची वाट ठेवली ती शोभेसाठी नव्हे.

पण त्याच कलम 15 च्या दुसऱ्या भागात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही यादी आहे. हे महाड आहे, थेट संविधानात उतरलेले. 29 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत या यादीतल्या "दुकान" शब्दाविषयी विचारणा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने घेतला: मोबदला घेऊन जिथे कोणी सेवा देतो अशी कोणतीही जागा. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली हाच अर्थ धरून खासगी शिक्षणसंस्थांना या कलमाच्या कक्षेत आणले. आता मला सांगा, ज्या अॅपवरून आपण पैसे पाठवतो, औषधे मागवतो, रेल्वेचे तिकीट काढतो, ते दुकान आहे की नाही? अॅपचे बटण फोनच्या आवाजाला वाचताच येत नसेल तर ते दुकान आंधळ्या माणसाला बंद आहे की उघडे?

आकड्यांचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्याला माहीत असायलाच हवा. 1872 पासून 1931 पर्यंत इंग्रजांच्या जनगणनेत जात मोजली जात होती आणि आंधळे, बहिरे-मुके, वेडे, कुष्ठरोगी हेही मोजले जात होते. 1931 नंतर दोन्ही मोजण्या बंद पडल्या. एकाच खानेसुमारीत दोन्ही गेल्या! 1981 ला अपंगांची अर्धवट मोजणी झाली, 1991 ला पुन्हा वगळले, आणि जावेद अबिदींसारख्या कार्यकर्त्यांनी रेटा लावला तेव्हा 2001 ला तो प्रश्न परत आला. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले, महाराष्ट्रात साधारण 29 लाख 63 हजार. देशातल्या अपंगांपैकी सुमारे 69 टक्के खेड्यात राहतात आणि साक्षर फक्त 55 टक्क्यांच्या आसपास. आता आपल्या कामाचा आकडा: एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण 2.21 टक्के, अनुसूचित जातींत 2.45 टक्के, इतरांत 2.18. फरक लहान दिसतो. कोट्यवधींच्या लोकसंख्येला लावून पाहा म्हणजे लहान राहत नाही. गटारात, खाणीत, उसाच्या फडात आणि बांबूच्या परातीवर कोण चढतो, बाळंतपणात दवाखाना कोणाला मिळत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्याचे नवल वाटणार नाही.

विदर्भातले वाचक सिकलसेल शब्द वाचताच मान हलवतील. तो आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात घराघरात आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 21 केले आणि त्यात सिकलसेल आला, याचे आपण स्वागत केले. पण नोकरीतले 4 टक्के आरक्षण ज्या कलमात आहे, कलम 34, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया नाहीत. म्हणजे दाखल्यावर अपंग, आरक्षणात नाही. या प्रश्नावर आपल्या संघटनांनी किती मोर्चे काढले? मी एकही पाहिलेला नाही.

शब्दाबद्दलही बोलू. या लेखात मी "अपंग" लिहितो आहे, "दिव्यांग" लिहीत नाही. 27 डिसेंबर 2015 च्या "मन की बात"मध्ये पंतप्रधानांनी विकलांगऐवजी दिव्यांग म्हणावे असे सुचवले आणि लगेच खात्यांची नावे बदलली. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला. 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही भारताला सांगितले की हा शब्द वादग्रस्त आहे. आपल्याला हे सगळे ओळखीचे वाटायला हवे. जानेवारी 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात "हरिजन" हा शब्द कायद्यात आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचे नाव चिकटवले की माणसाचा हक्क देवाच्या खात्यावर जमा होतो, आपल्या हातात काही येत नाही. माणच्या त्या तरुणाला मी विचारले होते, तुला कोणता शब्द आवडतो. तो म्हणाला, "कॅप्चा काढा, मग काहीही म्हणा."

आता तंत्रज्ञानाकडे. यातला पुण्याचा वाटा लोकांना फारसा ठाऊक नाही. टी. व्ही. रमण यांचा जन्म 1965 मध्ये पुण्यात झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी, मग मुंबई आयआयटी, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. 1994 च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणिताची समीकरणे संगणकाने बोलून दाखवणे. पुढे गूगलमध्ये अँड्रॉइड फोन आंधळ्यांना वापरता यावा या कामात त्यांचा मोठा हात होता. माणमधला मुलगा आज जो फोन ऐकतो त्याची एक मुळी पुण्यातच आहे. रमण यांच्या शिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते: त्यांचा भाऊ आणि मदतनीस त्यांना पुस्तके वाचून दाखवत. त्यांच्या बुद्धीबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न असा की कोणाच्या घरात इंग्रजी गणिताचे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असतो? ज्या घरात आई सकाळी सहाला कामाला जाते आणि बाप सेंट्रिंगवर असतो, तिथे आंधळ्या मुलाला कोण वाचून दाखवणार? म्हणून सांगतो, ज्याच्या घरात वाचणारा माणूस नाही त्याला यंत्राची गरज सगळ्यांत जास्त आहे, आणि यंत्र त्याच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोहोचते.

गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतायला सांगितले. ज्ञान कानातून जात होते म्हणून कानावर पहारा. आज दृष्टिहीन माणसाचे सगळे वाचन कानातून होते. स्वतः बाबासाहेबांची दृष्टी शेवटच्या वर्षांत अधू झाली होती. 1954 मध्ये काही महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्या काळात नानकचंद रत्तू त्यांचे लेखन टंकलिखित करत होते. डोळे थकल्यावर वाचन-लेखन दुसऱ्याच्या हातून चालू ठेवण्याचा अर्थ त्या घराला माहीत होता.

मराठीत हा कान बराच काळ बंद राहिला, आणि त्यातही पुणे आहे. भारती ब्रेल 1951 साली ठरली, त्याआधी वेगवेगळ्या भाषांच्या वेगवेगळ्या ब्रेल लिप्या होत्या. पण ब्रेल पुस्तके जाड, महाग आणि थोडी. संगणक आला तेव्हा वाटले की आता सुटलो. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक सुरू झाले, भारतीय लिप्या संगणकावर आल्या, छापखाने मराठी फॉन्टवर गेले. गोम अशी की त्या काळच्या बहुतेक डीटीपी फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असायचे. फाइलच्या आत साठवलेले असायचे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. डोळ्याला "समता" दिसे, आणि स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसे निव्वळ रद्दी. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून जागा होती. 2000 च्या विंडोजमध्ये ती वापरताही येऊ लागली. तरी आपले छापखाने, मासिके आणि सरकारी कार्यालये वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टला चिकटून बसली. आपली चळवळीची नियतकालिके त्यात आहेतच. त्या काळात टाइप केलेले हजारो लेख आज शोधातही सापडत नाहीत आणि ऐकताही येत नाहीत.

स्क्रीन वाचणारे परदेशी सॉफ्टवेअर हजारो रुपयांचे होते. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी एनव्हीडीए नावाचे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर तयार करायला घेतले. ते आज जगभर चालते, आणि खुल्या आवाजाच्या जोडीने मराठीही वाचते. आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर अडखळतो. पण चालतो. प्रांजल पाटील या उल्हासनगरच्या दृष्टिहीन मुलीने असेच सॉफ्टवेअर वापरून यूपीएससीचा अभ्यास केला. पहिल्यांदा 773 वा क्रमांक आला, रेल्वेच्या लेखा सेवेत दृष्टीचे कारण सांगून तिला नाकारले गेले. तिने पुन्हा परीक्षा दिली, 124 वी आली, आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. तिचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. बहुतेकांनी चित्र म्हणून केले, मजकूर न लिहिता. म्हणजे दुसऱ्या दृष्टिहीन मुलीला ते कळलेच नाही.

आता ठराव आणि पाणी यांच्याकडे परत येऊ. 1995 चा अपंग कायदा 1996 मध्ये लागू झाला. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर 2007 मध्ये मंजुरीची मोहोर उमटवली. त्याच्या नवव्या कलमात माहिती-तंत्रज्ञान स्पष्ट लिहिलेले आहे. 2009 मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. 2016 चा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 42 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर अपंगांना वापरता आला पाहिजे. जून 2017 च्या नियमावलीत नियम 15 आला. त्यात लिहिले आहे की संकेतस्थळावर ठेवलेली कागदपत्रे ईपब किंवा अक्षरे ओळखता येतील अशा पीडीएफमध्येच हवीत. पुढे भारतीय मानक 17802 ही त्यात जोडले गेले. कायदा मोडला तर पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत. कागद काय कमी आहे?

तरी पाणी नाही. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. 2017 मध्ये आदेश झाले, पाळले गेले नाहीत. 8 नोव्हेंबर 2024 ला न्यायालयाने नियम 15 च कायद्याशी विसंगत ठरवला. कारण काय? मूळ कायदा सक्तीचे निकष मागतो आणि नियमात जोडलेल्या मार्गदर्शिकांची भाषा मात्र बहुतेक ठिकाणी शिफारशीची. "करावे, शक्यतो करावे, केल्यास बरे." सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा असा आदेश झाला. 2005 ते 2024, म्हणजे 19 वर्षे. महाडच्या 14 वर्षांपेक्षा पाच जास्त.

त्यानंतर 30 एप्रिल 2025 चा निकाल. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून बँकेत खाते उघडायला गेल्या तेव्हा डिजिटल केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा असे सांगितले गेले. ज्यांच्या पापण्याच जळाल्या आहेत त्यांनी ती कशी करायची? दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिकाही सोबत होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी सांगितले की डिजिटल सुविधा वापरता येणे हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि 20 निर्देश दिले. निकालात फक्त अपंग नाहीत, खेड्यातले, गरीब, वृद्ध, भाषेमुळे मागे पडलेले असे सगळे वंचित आहेत. योगायोग असा की त्याच दिवशी, 30 एप्रिललाच, केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर त्या रात्री जात-जनगणनेचा जल्लोष होता. दुसऱ्या बातमीची एक ओळसुद्धा मला दिसली नाही.

आणि आता माण. 1921 ते 1924 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, हरले, आणि मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज देऊ लागले. शंभर वर्षांनी त्याच तालुक्यातून दुसरी गोष्ट बाहेर जाते: कोड. अमेरिकेत सरकारी खरेदीचा 508 वा नियम 1998 पासून सक्तीचा आहे. युरोपात 28 जून 2025 पासून खासगी कंपन्यांनाही अपंगांना वापरता येतील अशीच बँकिंग सेवा, ई-दुकाने आणि तिकीट-यंत्रे द्यावी लागतात. तिकडच्या ग्राहकांची ही अट पुरी करण्याचे काम भारतातले इंजिनिअर करतात. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्या एका कार्यकर्त्याचे कामच ते आहे. प्रत्येक बटणाला नाव द्या, प्रत्येक चित्राला वर्णन द्या, कॅप्चाला आवाजाचा पर्याय द्या, हे तो दिवसभर परदेशी बँकेसाठी तपासतो. त्याच्या ऑफिसपासून तो दृष्टिहीन तरुण राहतो ती खोली दोन किलोमीटरवर आहे. तेव्हा "आपल्याकडे तंत्रज्ञान नाही", "खर्च परवडत नाही" ही सबब माणमध्ये तरी कोणी सांगू नये. ज्ञान इथेच आहे, हात इथलेच आहेत. तिथे दंड वसूल होतो म्हणून काम होते आणि इथे होत नाही म्हणून पडून राहते. 2016 चा कायदा खासगी कंपन्यांकडून सक्तीने काही जागा मागत नाही. कलम 35 मध्ये 5 टक्के अपंग कर्मचारी ठेवले तर प्रोत्साहन, एवढेच आहे. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आपण वर्षानुवर्षे करतो. त्या मागणीच्या मसुद्यात अपंगांचा आडवा वाटा आपण कधी लिहिला आहे का?

व्यवस्थेला शिव्या देताना स्वतःकडेही पाहावे लागते. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपण जी पोस्टर टाकतो ती नव्वद टक्के चित्रे असतात, हा माझा अंदाज, पण तुम्ही आपला गट उघडून मोजा. मजकूर चित्रात कोरलेला, म्हणजे फोनसाठी पुन्हा "इमेज". आपल्या भाषणांच्या व्हिडिओंना खाली मजकूर नसतो, बहिऱ्या कार्यकर्त्याला फक्त हलणारे ओठ दिसतात. आपली पुस्तके स्कॅन करून टाकतो, पाने वाकडी, अंगठा दिसतो, आणि त्यातले एकही अक्षर संगणकाला ओळखता येत नाही. आपले सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी स्वतः गेल्या चार वर्षांत किती चित्रे टाकली ती मोजली आणि मोजणी मध्येच सोडून दिली. आता टाकताना खाली दोन ओळी लिहितो. युनिकोडमध्ये टाइप करतो. पुस्तक स्कॅन केले तर अक्षर-ओळख लावून मगच पाठवतो. याला पैसे लागत नाहीत, अर्धा तास जास्त लागतो.

2027 ची जनगणना मोबाइलवर होणार आहे आणि घरच्या घरी स्वतः माहिती भरण्याची सोय असणार आहे. 1931 नंतर प्रथमच जात आणि अपंगत्व एकाच जनगणनेत येत आहेत. या दोन रकान्यांचा एकत्र तक्ता प्रसिद्ध करा ही मागणी आत्ताच करायला हवी, नंतर "तसा तक्ता आखलेला नव्हता" असे उत्तर येईल. आणि स्वतः माहिती भरायचे ते संकेतस्थळ स्क्रीन वाचकाने उघडते का, त्यावर कॅप्चा आहे का, हेही प्रश्न आत्ताच विचारायचे आहेत.

आम्ही माणच्या त्या तरुणाच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज टाकला. ज्या संकेतस्थळावर त्याचा अर्ज अडला त्याची सुगम्यता तपासणी झाली आहे का, कोणी केली, अहवाल द्या. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7 च्या पोटकलम 4 प्रमाणे इंद्रियांनी अपंग असलेल्या अर्जदाराला माहिती वापरता येईल अशी मदत करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ते कलम आम्ही अर्जात लिहिले होते. एकोणतिसाव्या दिवशी ईमेलवर उत्तर आले. कागदावर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन केलेले एक पान. त्याने फोन कानाला लावला, दोनदा ऐकले, आणि फोन माझ्याकडे दिला. मी ते त्याला वाचून दाखवले. तपासणीची माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही, असे त्यात होते. पहिले अपील त्याने त्याच रात्री स्वतः टाइप केले. त्यात दोन मुद्दे आहेत: माहिती द्या, आणि ती मला वाचता येईल अशी द्या.